पाणी टाकलं, पण गेलं कुठे?

‘रेट्रो’ची सध्या चलती आहे. प्री-वेडिंग शूट असो नाहीतर कॉलेज फेस्टचा सेल्फी पॉइंट, एखादी प्रीमियर पद्मिनी उभी केली की गर्दी जमते. काहींची हौस याच्याही पुढे जाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली आजोबांची फिएट बाहेर निघते, धुतली जाते, नवीन बॅटरी बसते आणि गाडी चक्क सुरू होते! पण दोन-चार किलोमीटर गेल्यावर काटा लाल रेघेकडे सरकतो आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागते. आपल्याकडे यावर ठरलेला उपाय एकच, पाण्याची बाटली. रेडिएटर भरायचा आणि निघायचं. उद्या पुन्हा तेच.

पाणी टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कूलिंग सिस्टीम ही बंद साखळी असते. इंजिनाची उष्णता घेऊन पाणी रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांमध्ये गार होतं आणि पंप त्याला परत इंजिनाकडे ढकलतो. त्यामुळे ते पेट्रोलसारखं रोज संपायचं काही कारण नाही. ते कमी होतंय म्हणजे कुठून तरी बाहेर पडतंय. आधी शोधायची ती ही जागा. कारण पाण्याविना इंजिन तापलं, की अल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि एका होजपाइपने भागणारं काम थेट इंजिन उघडण्यावर जातं.

शॉर्टकट भरपूर आहेत. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा नुस्खा हायवेवरच्या ड्रायव्हर मंडळींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बाजारात लीक बंद करणाऱ्या पावडरी आणि बाटल्याही मिळतात. आडरानात अडकलात तर घर गाठायला हे ठीक. पण जी हळद छिद्र बुजवते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. मग गळती थांबते, पण गाडी तापायची काही थांबत नाही. दुसरा लाडका सल्ला म्हणजे ‘थर्मोस्टॅट काढून टाक’. त्याने गळती तर थांबत नाहीच, उलट इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जळतं.

मग शोधायचं कसं? गाडी रात्रभर उभी करा आणि खाली पुठ्ठा पसरा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघा. थेंब पुढे, रेडिएटरखाली असतील, तर टाकीचा सांधा किंवा जाळी तपासा. पाणी वाळलं की मागे पांढरट, हिरवट किंवा तांबूस डाग राहतो. तो माग वरपर्यंत काढा. होजपाइप हाताने दाबून बघा. रबर कडक झालं असेल, फुगलं असेल किंवा चिरा दिसत असतील, तर पाइप बदला, सोबत क्लिपही. वॉटरपंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल, तर आतलं सील गेलंय. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवा. तो खडखडला तर पंपाची बेअरिंगही संपलीय असं समजा.

थेंब कुठेच नाही, तरी पाणी कमी होतंय? मग काम गंभीर आहे. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर मिळतो. तो झाकणाच्या जागी बसवून हातपंपाने दाब द्यायचा, पण झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच. काटा खाली आला की गळती आहे हे नक्की, आणि बऱ्याचदा ती तिथल्या तिथे दिसते.

एक नियम मात्र पाठच करा: तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. झाकणाची स्प्रिंग पाण्याला दाबाखाली ठेवते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

यात एवढं काय, असं वाटेल. पण 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरलेली नाही. टॅक्सी होत्या तोवर पार्ट्सना गिऱ्हाईक होतं आणि गॅरेजवाल्यांना रोजचं काम. पितळी रेडिएटर उघडून, नळ्या साफ करून, छिद्राला डाग देणारे कारागीर त्याच कामावर जगत होते. आता नव्या गाड्यांत अल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे रेडिएटर येतात. ते गळले की फेकायचे आणि नवे बसवायचे. म्हणजे डाग देणारा हात रिकामा. दुसरीकडे 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. गाड्या जपायला नियम आहे. त्या जपणाऱ्या हातांचं काय?

इथे इंजिनीअरिंग कॉलेजं आणि आयटीआय खूप काही करू शकतात. गेस्ट लेक्चरला कंपनीतल्या साहेबांना बोलावतो, तसंच एखाद्या रेडिएटरवाल्या काकांनाही वर्कशॉपमध्ये बोलवा. रीतसर मानधन द्या. त्यांना एक गळका रेडिएटर दुरुस्त करू द्या आणि पोरांना तो हातात घेऊ द्या. त्याचं रेकॉर्डिंग करा, मराठीत लिहून काढा. हीट ट्रान्सफरचं समीकरण फळ्यावर कळतं. नळीत साचलेले क्षार त्या समीकरणाचं काय करतात, ते काकांच्या टेबलावर कळेल.

आणि ज्यांच्या पार्किंगमध्ये अशी गाडी आहे, त्यांनी या रविवारी तिच्यासोबत फोटो जरूर काढावा. पण आधी गाडीखाली पुठ्ठा टाकावा.