कुदळवाला आणि कवीचा गुरू

गुरू बदनाम झाला, तर त्याच्याकडून घेतलेल्या श्रद्धेचे शिष्याने काय करावे? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन कवी एडविन मार्कहॅम यालाही तो चुकला नाही.

जानेवारी १८९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्झामिनर’मध्ये त्याची ‘द मॅन विथ द हो’ ही कविता छापून आली. फ्रेंच चित्रकार मिले याने रंगवलेला, कुदळीवर भार देऊन वाकलेला शेतकरी हा तिचा विषय. ओकलंडचा हा शाळामास्तर देशभर गाजला. कवितेत समाजवाद शोधणारे पुष्कळ निघाले. पण तिच्या शिरावर वचन आहे ते बायबलमधले. ईश्वराने माणूस स्वतःच्या प्रतिरूपात घडवला, हे. मार्कहॅमचा संताप तेथून उगवतो. राबणाऱ्याची पाठ मोडणे ही त्याच्या लेखी देवाचीच विटंबना होती.

ही दृष्टी घडवण्यात थॉमस लेक हॅरिसचा वाटा असावा. ईश्वर पिता आहे तशी माताही आहे, त्याचा श्वास माणसाच्या श्वासात उतरतो आणि त्यातूनच नवा समाज जन्मेल, अशी या धर्मोपदेशकाची शिकवण. ईरी सरोवराकाठच्या त्याच्या वसाहतीत मोठमोठी माणसे अंगमेहनतीला जुंपली जात. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद लॉरेन्स ऑलिफंट तेथे तबेला साफ करीत. त्यांच्या आईच्या वाट्याला धुणे आले. (पैसाही गुरूच्या हाती गेला, आणि पुढे त्यावरून भांडण झाले ते वेगळेच!) १८७५ मध्ये हॅरिसने कॅलिफोर्नियात सांता रोझाजवळ ‘फाउंटनग्रोव्ह’ वसवले. तेथे द्राक्षमळे फुलले, दारू गाळली जाऊ लागली. अखेर वर्तमानपत्रांतून अनाचाराचे आरोप झाले आणि १८९२ मध्ये गुरूने कॅलिफोर्निया सोडले.

मार्कहॅम सांता रोझात शिकला तो हॅरिस येण्याआधी. हॅरिसचा विचार त्याच्यापर्यंत आला तो मुख्यतः ग्रंथांतून, आणि गुरूच्या बदनामीनंतरही त्याची निष्ठा टिकली. काहींना हा भाबडेपणा वाटेल. मला तसे वाटत नाही. वसाहतीत श्रमाला पावित्र्य होते, पण श्रमणाऱ्याने जाब विचारायची सोय नव्हती. कवितेत तो जाब आहे, आणि थेट सत्ताधीशांना विचारलेला आहे. तो हॅरिसकडून आला नसावा. लहानपणी कॅलिफोर्नियातल्या कुरणांत गुरे राखलेल्या, शेतात राबलेल्या मुलाला वाकलेली पाठ काय असते हे मिलेचे चित्र पाहण्याआधीच ठाऊक होते.