तापणारा लॅपटॉप आणि घरची धूळ

एप्रिल-मे उजाडला की लॅपटॉपच्या तक्रारी वाढतात. तक्रार मराठीतून येवो किंवा कन्नडमधून, आशय एकच. ‘चालता चालता आपोआप बंद पडतो हो,’ नाहीतर ‘भाळ बिसी आगतदरी, ताना बंद आगतद.’ याच सुमारास घरातल्या मुलाचा व्हीटीयूचा प्रोजेक्ट अर्धवट असतो, मुलीचे ऑनलाइन अर्ज भरायचे असतात आणि घरात यंत्र एकच असते. दुकानात नेले की तीन उपाय सुचवले जातात. पहिला, विंडोज नव्याने टाका. दुसरा, मदरबोर्ड गेलाय. तिसरा, जुना झालाय, आता नवीनच घ्या. मध्यमवर्गीय घरात तिसरा उपाय म्हणजे चाळीस-पन्नास हजारांची गोष्ट! या तिन्हींपैकी कशालाही हात घालण्यापूर्वी यंत्राला ताप आहे का, हे पाहून घ्यावे, एवढेच आजच्या लेखाचे सांगणे आहे.

लॅपटॉप तापून बंद पडतो तेव्हा तो स्वतःला वाचवत असतो. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजण्याची सोय असते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. तिथे पोहोचताच प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. म्हणूनच बंद पडण्यापूर्वी यंत्र रखडू लागते, पंखा घोंगावतो, व्हिडिओ अडखळतो. तरीही उष्णता वाढतच गेली तर वीज तोडली जाते. पूर्वी ही सोय सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू संगणकांच्या प्रोसेसरवरील थंड करणारे ठोकळे काढून दाखवले होते. पेंटियम ४ मंदावला, पण तगला. एएमडीचा अॅथलॉन मात्र धूर सोडून जळून गेला. आजचा लॅपटॉप बंद पडतो याचा राग येतो खरा, पण न बंद पडणारा कसा असतो, हे त्या वेळी जगाने पाहिले आहे.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते ते पाहू. प्रोसेसर ही नखाएवढी चकती. तिच्यावर करड्या रंगाच्या लेपाचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी आणि पट्टीला जोडलेली तांब्याची चपटी नळी. ही नळी भरीव नसते. तिच्या आत अगदी थोडा द्रव, बहुधा पाणीच, हवा काढून बंद केलेला असतो. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते आणि तिथे पुन्हा पाणी होते. मोदकपात्राच्या झाकणाखाली थेंब जमतात ना, तोच प्रकार. थंड टोकाला बारीक पत्र्यांची जाळी असते आणि तिच्यामागे छोटा पंखा. तो खालून हवा ओढतो आणि जाळीतून बाहेर फेकतो.

सगळी गोम या जाळीत आहे. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धूळ साचते आणि तिची घोंगडीसारखी पट्टी तयार होते. बाहेरून लॅपटॉप स्वच्छ, पुसलेला, वर लिंबू-मिरची लावावी असा. आत मात्र हवा जायला वाट नाही. ‘रोज पुसते हो मी,’ असे गृहिणी सांगतात, ते खरेच असते. पण ही पट्टी फडक्याने निघत नाही.

आपल्या भागात तर धुळीचेही गावागणिक प्रकार आहेत. शहापूर, वडगाव, खासबागेत ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग चालतात, त्यांच्या लॅपटॉपमध्ये सुताचा भुगा जातो. तो धुळीत मिसळला की पट्टी फार लवकर धरते. खानापूर रस्त्याला तांबडी माती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत यंत्र ठेवले असेल तर त्यात लोखंडाचा कण असू शकतो, आणि तो वीज वाहून नेतो. असा लॅपटॉप घरी उघडू नये, जाणकाराकडेच द्यावा. निपाणीकडे तंबाखूची पूड. पिठाची गिरणी शेजारी असेल तर बोलायलाच नको. शिवाय देवघराशेजारी संगणकाचे टेबल असेल तर उदबत्तीचा चिकट धूर धुळीला धरून ठेवतो. धूळ हा शब्द मराठीत धूळ आणि कन्नडमध्ये धूळु. दोन्ही भाषांत शत्रू एकच म्हणायचा!

मग ताप आहे की दुसरे काही, हे ओळखायचे कसे? हत्याराशिवाय करता येणारी परीक्षा सोपी आहे. बंद पडल्यावर लगेच चालू करा. मघापेक्षा लवकर बंद पडला, आणि तासभर गार होऊ दिल्यावर पुन्हा बराच वेळ चालला, तर बहुधा उष्णतेचाच दोष. याउलट थंड असतानाही, पंखा शांत असताना बंद पडत असेल तर चार्जर, बॅटरी किंवा रॅमकडे पाहावे. खेड्यांत आणखी एक गंमत होते. बॅटरी पूर्ण मेलेली असते, यंत्र चार्जरवर चालते, आणि वीज क्षणभर लुकलुकली की बंद. दिव्याकडे लक्ष असेल तर ते लगेच कळते.

आकडे हवे असतील तर ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. नुसते उघडून ठेवले असता ४० ते ५५ अंश साधारण समजावेत. जड कामात ८०-९० पर्यंत जाणे नव्या यंत्रातही होते. त्याने घाबरून जाऊ नये. पण काही न करता ८० दिसत असेल तर वाट तुंबली आहे, किंवा मागे कुठला तरी प्रोग्रॅम गुपचूप राबतो आहे. तो टास्क मॅनेजरमध्ये सापडतो. तापमान कसे चढते हेही पाहावे. हळूहळू, आठ-दहा मिनिटांत चढले तर जाळी किंवा पंख्यावर संशय घ्या. काम सुरू करताच काही सेकंदांत ४५ वरून ९५ वर उडी मारली तर बहुधा लेप वाळला आहे किंवा पट्टी नीट बसलेली नाही. ही नोंद कागदावर लिहून दुकानात न्या. समोरचा तंत्रज्ञ तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतो, असा अनुभव आहे.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ४१ क्रमांकाची नोंद दाखवून कोणी मदरबोर्ड बदलायला सांगत असेल तर थांबा. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की यंत्र नीट बंद न होता थांबले आणि पुन्हा सुरू झाले. कारण त्यात लिहिलेले नसते.

आता सफाई. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या केंद्रातच द्या. नसेल आणि घरात हात स्थिर असलेला कोणी असेल, तर आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. वारंवार अशी वीज तुटली की फाइल खराब होऊ शकते. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, तळाचे झाकण उघडल्यावर पहिले काम बॅटरीची पिन सोडवण्याचे. स्क्रू लहान-मोठे असतात, ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने कागदावर मांडा. पंख्याची पाती दातकोरणीने अडवून धरा आणि मगच हवा मारा. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडू शकते. दिवाळीच्या सफाईचा ब्लोअर चालतो, पण लांबून आणि थोडा थोडा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्यात स्थिर वीज तयार होते. जाळीतली पट्टी चिमट्याने अलगद ओढली तर अख्खी निघते. ती पाहून घरातली सगळी मंडळी गोळा होतात!

केवळ एवढ्याने अनेक यंत्रे ताळ्यावर येतात. यंत्र चार-पाच वर्षांचे असेल तर लेपही बदलावा, पण त्याला तांब्याची पट्टी उचलावी लागते. हे काम दुकानात करून घेतलेले बरे, काही शे रुपयांत होते. फक्त तीन गोष्टी विचारा. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणार ना? शेजारच्या चिप्सवर मऊ रबरी पट्ट्या असतात, त्या तशाच ठेवणार ना? (त्यांच्या जागी लेप फासला तर फट राहते आणि त्या चिप्स तापतात.) आणि पट्टीवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने स्क्रू आवळणार ना? लेप किती, तर तांदळाच्या दाण्याएवढा. जास्त लावला म्हणून जास्त थंड होत नाही. ‘लिक्विड मेटल’ नावाचा महागडा लेप कोणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. तो वीज वाहतो आणि अॅल्युमिनियम खातो.

खर्च नको असेल, तर तोवर एक तात्पुरता उपाय आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने प्रोसेसरची जादा धाव थांबते आणि उष्णता बरीच उतरते. लिहिणे-वाचणे, अर्ज भरणे यात फरक जाणवत नाही. काही नव्या यंत्रांत हा पर्याय दिसत नाही, त्याला इलाज नाही.

गादीवर, सोलापुरी चादरीवर लॅपटॉप ठेवून सिनेमा पाहण्याची सवय मात्र मुलांची सोडवायला हवी. हवा खालूनच ओढली जाते, ती वाट चादर बुजवते. खाली पाट ठेवला तरी पुरे. मागची बाजू बोटभर उचलली तर आणखी चांगले. बाजारातल्या पंख्याच्या स्टँडने थोडा फरक पडतो, पण जाळी तुंबलेली असताना त्यावर पैसे घालवू नयेत.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, झाकण नीट बसत नसेल, तर वरचे काहीही करू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. टोचणे, दाबणे, परत बसवून पाहणे हे मुळीच नाही. त्याच दिवशी दुकानात नेऊन बॅटरी बदलून घ्या आणि जुनी कचऱ्यात न टाकता त्यांच्याकडेच सोडा.