संगणक सुरक्षित झाला, अर्ज मात्र अडकला

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. पोंभुर्णा तालुक्यात धान कापणी सुरू होती. अशा दिवसांत मी एका विद्यार्थिनीसोबत सेवा केंद्रात बसले होते. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आईवडील दोघेही मजुरीला जातात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तिला आधार प्रमाणीकरण करायचे होते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा होता आणि रिचार्ज न केल्यामुळे कधीचाच बंद पडला होता. म्हणजे ओटीपी येण्याचा प्रश्नच नव्हता. उरला अंगठा.

तिने अंगठा ठेवला, पण यंत्रातला दिवा लागलाच नाही. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की यंत्र तयार नाही. केंद्रचालक दादांनी वायर काढून पुन्हा लावली, संगणक बंद करून सुरू केला, तरी तेच. "काल रातच्याला कम्प्युटर अपडेट झाला जी, तवापासून असाच करते," दादा म्हणाले.

मग त्यांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काहीच नव्हते. वीस मिनिटे संगीत ऐकल्यावर माणूस बोलला. त्याने सांगितले, अँटिव्हायरस काढून टाका, फायरवॉल बंद करा, आणि एक ॲप घ्या म्हणजे मी इथूनच तुमचा संगणक चालवतो. दादांनी सगळे केले. यंत्र चालले नाही. "वरिष्ठांकडे पाठवतो," असे सांगून फोन ठेवला गेला. संध्याकाळी दादांच्या मोबाइलवर संदेश आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

"दादा, मंग उद्या येऊ का? उद्या तं कापणीले जा लागते," एवढेच ती मुलगी म्हणाली.

हा प्रसंग एका यंत्राचा किंवा एका कंपनीचा असता तर मी इथे लिहिला नसता. पण चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा, असे प्रसंग त्यांनाही आठवतील. कधी रेशनचे यंत्र अडते, कधी बँक मित्राचे, कधी अंगणवाडीतला मोबाइल. आपण त्याला 'सर्व्हर डाऊन' म्हणतो आणि घरी परततो. पण प्रत्येक वेळी सर्व्हरच बंद असतो असे नाही. नेमके काय बिघडते, हे समजून घेतल्याशिवाय आपल्याला कोणाला जाब विचारायचा तेही कळणार नाही.

चार मालक, एक अंगठा

अंगठा घेणारे यंत्र संगणकाला जोडले की काम झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मधे चार घटक असतात. पहिले ते यंत्र आणि त्याचा ड्रायव्हर. दुसरी 'आरडी सर्व्हिस', म्हणजे आधार प्राधिकरणाने नोंदणीकृत यंत्रांसाठी ठरवलेले सॉफ्टवेअर. ते ठशाची माहिती कुलूपबंद करून देते. त्याचे नूतनीकरण करावे लागते, बऱ्याचदा शुल्क भरून. तिसरी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम. चौथा घटक ब्राउझर, ज्यात सरकारी पोर्टल उघडते. पोर्टलचे पान ब्राउझरमार्फत त्याच संगणकात चालणाऱ्या आरडी सर्व्हिसला हाक मारते आणि ठसा मागते.

या चौघांचे मालक वेगळे आणि वेळापत्रकही वेगळे. एकाने सुरक्षा वाढवली आणि दुसऱ्याने त्याप्रमाणे आपले सॉफ्टवेअर बदलले नाही, की साखळी तुटते. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुरक्षा सुरू असेल तर तिच्याशी न जुळणारे जुने ड्रायव्हर चालूच दिले जात नाहीत. गुगल क्रोमने २०२५ च्या अखेरीस १४२ क्रमांकाच्या आवृत्तीपासून आणखी एक नियम आणला. एखाद्या संकेतस्थळाला तुमच्या संगणकात किंवा स्थानिक नेटवर्कवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायचे असेल, तर आधी तुमची परवानगी विचारली जाते. चौकट इंग्रजीत असेल आणि ती कशासाठी आहे हे कोणी सांगितले नसेल, तर माणूस घाबरून 'नाही' दाबतो. मग यंत्र धडधाकट असूनही पोर्टल म्हणते, यंत्र सापडत नाही.

हे नवे नाही. २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले, तेव्हा डिजिटल सहीवर चालणारी अनेक कामे अडली. त्यानंतर कित्येक वर्षे सरकारी संकेतस्थळांवर 'फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा' अशी सूचना असायची. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त केला. दर वेळी बदल आधी जाहीर झाला होता. दर वेळी शेवटच्या टोकाच्या माणसाला तो काम अडल्यावरच कळला.

सुरक्षा नको, असे म्हणता येणार नाही

अशा वेळी सोपी प्रतिक्रिया असते की हे अपडेटच बंद करून टाका. अनेक केंद्रांत तसे केलेही जाते. पण या सुरक्षेमागे कारणे आहेत, आणि ती आपल्याच लोकांशी संबंधित आहेत.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते त्यांचे संगणक अडकले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात होते. आधारच्या बाबतीत तर धोका आणखी जवळचा आहे. जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलायचे, त्यांचे नकली अंगठे बनवायचे आणि गरिबांच्या खात्यांतून पैसे काढायचे, असे प्रकार अनेक राज्यांत उघड झाले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी नवी व्यवस्था आणली. 'एल-झिरो' प्रकारची यंत्रे बाजूला सारून 'एल-वन' यंत्रे आणण्याचे कारणही तेच. एल-झिरोमध्ये ठशाला कुलूप संगणकातले सॉफ्टवेअर लावते, त्यामुळे मधेच चोरी होऊ शकते. एल-वनमध्ये ते काम यंत्राच्या आतल्या सुरक्षित भागात होते.

म्हणून मदत केंद्रातल्या माणसाचा 'अँटिव्हायरस काढा, फायरवॉल बंद करा' हा सल्ला मला सर्वात धोकादायक वाटतो. सेवा केंद्राच्या त्या एका संगणकात अख्ख्या पंचक्रोशीचे जातीचे दाखले, आधारच्या प्रती, पासबुकांचे फोटो असतात. त्याचे दार उघडे ठेवायला सांगणे म्हणजे आपली चूक झाकण्यासाठी गावाची कागदपत्रे रस्त्यावर मांडणे. शिवाय अनोळखी माणसाला दुरून संगणक चालवू देण्याची सवय लागली, की खरा मदतनीस कोण आणि भामटा कोण हे ओळखणेच बंद होते. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करून लोक फसले आहेत, ते याच सवयीमुळे.

सुरक्षा हवी की सेवा, असा पर्याय आपल्यासमोर ठेवला जातो. हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही देणे ही व्यवस्था उभी करणाऱ्यांची जबाबदारी आहे.

खर्च कोण भरतो?

समाजशास्त्रात आम्ही शिकलो की कोणत्याही व्यवस्थेचा खरा स्वभाव ती बिघडल्यावर दिसतो. बिघाडाचा भार कोणावर ढकलला जातो ते पाहायचे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकांना वैयक्तिक वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. तालुक्याच्या केंद्रात सेकंडहँड संगणक घेऊन बसलेल्या तरुणाला हे कोण सांगणार? यंत्र बदलायचे तर त्याने, संगणक बदलायचा तर त्याने. सरकारी दराने एका अर्जामागे त्याला जे मिळते त्यात हे बसत नाही. मग तो जास्त पैसे मागतो, आणि आपण त्यालाच चोर म्हणतो.

अंगणवाडी सेविकांनी हाच भार उचलायला नकार दिला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर नवे पोषण ट्रॅकर ॲप नीट चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होते. तरी माहिती भरली नाही म्हणून दोष सेविकेवर येत होता. 'फोन तुमचा, ॲप तुमचे, मग चूक आमची कशी?' हा त्या आंदोलनाचा साधा सवाल होता. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी त्याच ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. सवाल अजून तसाच आहे.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी काय झाले? प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. 'सिस्टीम बंद आहे, उद्या या' असे सांगून सगळ्यांना घरी पाठवले नाही. विमानाच्या प्रवाशासाठी कागद आणि पेन लगेच सापडतो. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थिनीसाठी तो का सापडत नाही?

याचे उत्तर तांत्रिक नाही. विमानाचा प्रवासी आवाज करतो, नुकसानभरपाई मागतो, बातमी होतो. धान कापणीची मजुरी बुडवून आलेली मुलगी गप्प बसने परत जाते. तिचे वाया गेलेले दिवस कोणत्याही पोर्टलच्या अहवालात येत नाहीत. तिथे ती केवळ 'अर्ज न केलेली विद्यार्थिनी' असते.

कायदा काय म्हणतो, आपण काय करायचे?

यंत्राने ओळखले नाही म्हणून हक्क नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात, प्रमाणीकरण अयशस्वी झाले तरी लाभ नाकारू नये आणि पर्यायी पद्धत ठेवावी, असे सांगितले आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणीकरणाच्या अपयशामुळे कोणी वंचित राहू नये, याची काळजी घ्यायला सांगितले. आपल्याकडे हे फार थोड्या कार्यालयांना सांगितले जाते.

जात, उत्पन्न, अधिवास या दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण त्यासाठी अर्जाची पोचपावती हवी. ती मागितल्याशिवाय केंद्रातून उठायचे नाही.

केंद्रचालक तरुणांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत तुम्हीही ग्राहक ठरता. यंत्र किंवा त्याची वार्षिक सेवा विकत घेतली आणि नव्या सिस्टीमवर ती चालत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. न विचारता बंद केलेली तक्रार ही सेवेतील त्रुटीच आहे, ती तशी लिहून नोंदवा.

कार्यकर्त्यांसाठी काम साधे आहे. यंत्र अडले की पडद्याचा फोटो घ्यायचा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. संगणकाची आवृत्ती, यंत्राचा प्रकार आणि तक्रार क्रमांक वहीत लिहायचा. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्या घेऊन तहसीलदार, प्राचार्य आणि समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी जायचे. मागण्या ठरलेल्या असाव्यात. पोर्टल कोणत्या आवृत्तीवर चालते याची यादी मराठीत जाहीर करा. बदल होण्याआधी महिनाभर सूचना द्या. बिघाडाचे जेवढे दिवस, तेवढी मुदत आपोआप वाढवा. प्रत्येक तालुक्याला एक तंत्रज्ञ द्या. आणि यंत्र अडले तर कागदावर अर्ज घ्या.

दर रविवारी विहारात तास-दोन तास मदत कक्ष चालवता येईल. आपल्यातले अनेक तरुण संगणक शिकलेले आहेत. कोणत्या विद्यार्थ्याचा मोबाइल आधारला जोडलेला नाही, एवढे जून-जुलैमध्ये तपासले तरी नोव्हेंबरची अर्धी धावपळ वाचेल. कोणी फसलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हेही तिथेच शिकवता येईल.

त्या विद्यार्थिनीचे काम शेवटी झाले. आम्ही तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक आधारला जोडून घेतला, काही दिवस वाट पाहिली आणि ओटीपीवर अर्ज भरला. त्यासाठी तिचे चार दिवस गेले, चारही कापणीच्या मजुरीचे. सेवा केंद्रातले ते यंत्र मी परवा पाहिले तेव्हाही बंदच होते. दादांच्या मोबाइलवर मात्र कंपनीचा आणखी एक संदेश आला होता: आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?