स्पीकर सगळ्यांचा, हुकूम कोणाचा?

अमळनेरच्या कुठल्याही कॉलेजातली गॅदरिंगची तालीम आठवा. स्पीकर एक, ब्लूटूथला जोडलेला मोबाइलही एकाचाच. त्याला फोन आला की गाणं बंद, तो घरी गेला की तालीमच बंद. सीन ओळखीचा आहे ना?

पैसे मोजूनही हा प्रश्न सुटत नाही. मे २०२४मध्ये सोनोस कंपनीने स्पीकरचं अ‍ॅप बदललं आणि स्लीप टायमरसारख्या सोयी एकदम गायब झाल्या. स्पीकर ग्राहकांचे, पण हुकूम कंपनीचा! ओरड वाढली, जानेवारी २०२५मध्ये सीईओ पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले.

दुसरा रस्ता २००३पासून आहे: म्युझिक प्लेअर डेमन, थोडक्यात एमपीडी. गाणी एका कॉम्प्युटरवर. बाकीचे नेटवर्कवरून, पोर्ट ६६००वर, साधी ओळ पाठवतात: ‘प्ले’, ‘पॉज’, ‘नेक्स्ट’. जमलं तर उत्तर ‘ओके’, नाहीतर ‘एसीके’ आणि सोबत कारण. ‘आयडल’ म्हणून थांबलात, तर गाणं बदलताच सर्व्हर स्वतः कळवतो. अक्षरं युनिकोड, त्यामुळे अहिराणी गाण्याचं नावही देवनागरीत चालतं. ही भाषा उघडी असल्याने अ‍ॅप कोणीही लिहू शकतं. एक अ‍ॅप बिघडलं, तर दुसरं घ्या.

मग सगळेच ‘नेक्स्ट’ दाबत बसले तर? यादी बघणं, गाणी टाकणं आणि प्लेअर चालवणं, यांचे अधिकार पासवर्डने वेगळे करता येतात. मात्र पासवर्डही साध्या अक्षरांतच जातो; म्हणून हा सर्व्हर घरच्या नेटवर्कपुरताच ठेवा.

विप्रोची सुरुवात अमळनेरातच, वनस्पती तुपापासून झाली. सॉफ्टवेअर नंतर आलं. तुम्ही एका जुन्या पीसीपासून सुरुवात करा. फक्त कोडच्या आधी ठरवा: गाणं बदलायचा हक्क कोणाला?