हुशार मूल आणि घरची शाळा

नागपुरात धरमपेठेपासून पाचपावलीपर्यंत पालकांची एक चिंता समान आहे : मूल हुशार दिसते, बालवाडीत मिळते तेवढ्याने त्याचे भागत नाही, तेव्हा घरी काय शिकवावे? चिंता एक असली, तरी उत्तरे वर्गागणिक निराळी आहेत. ज्याच्यापाशी पैसा आहे तो चार वर्षांच्या मुलाला शिकवणी लावतो. ज्याच्यापाशी फुरसत आहे तो गोष्टी सांगतो. चार घरची धुणीभांडी करून दिवेलागणीला परतणाऱ्या माउलीपाशी दोन्ही नाही, आणि तिच्या मुलाची हुशारी कोणाच्या दृष्टीसच पडत नाही.

शिकवणी हे घरचे शिक्षण नव्हे. बालवाडीत गिरवलेली अक्षरे घरी पुन्हा घोटवून घेतल्याने जिज्ञासा वाढत नाही, कोमेजते. संत्र्याच्या फोडी मोजून भावंडांत वाटणे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवताना लहानमोठे ताडून पाहणे, आजीच्या बोलीतली गोष्ट ऐकून तिचा शेवट बदलणे, यांत गणितही आहे आणि भाषाही. त्यासाठी पैसा लागत नाही; वेळ लागतो. आठ तासांच्या श्रमावर ज्या घराचे पोट भरत नाही, तिथे वेळ हीच सर्वांत महाग वस्तू होय. म्हणून घरच्या शिक्षणाचा प्रश्न अखेर मजुरीचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न ठरतो.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले बालगृह उघडले ते रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत. आज त्यांच्या नावाच्या पाट्या सुखवस्तू वस्त्यांत झळकतात. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, आणि पुढे कोसबाडला आदिवासींच्या अंगणात बालवाडी नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र होते. मात्र २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांपुरताच दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढ्यावर बोळवण केली. आणि ज्या अंगणवाडी सेविकांवर हा भार आहे, त्या मानधनावर राबतात. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना संपावर जावे लागले, ते याच कारणाने.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन मिळावे, यासाठी तिच्या लढ्यात उभे राहावे. आणि वस्तीतल्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी तासभर मुलांसाठी गोष्टी, खेळ व पुस्तके यांची सोय करावी. हुशार मूल तिथे इतरांना गोष्ट सांगेल, आणि सांगता सांगता स्वतःही वाढेल. ज्या घराला वेळ परवडत नाही, त्या घराचा तो तास वस्तीने भरून काढला पाहिजे.