तुर्कस्तानचं घोडं कुठे पेंड खातं?

१९ मार्च २०२५ रोजी इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना पोलिसांनी घरून उचललं. आदल्याच दिवशी विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली होती. तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे पदवी असावीच लागते, म्हणजे आधी कागद काढून घेतला आणि मग माणूस. २३ तारखेला कोर्टाने त्यांना तुरुंगात पाठवलं. त्याच दिवशी त्यांचा पक्ष त्यांना एर्दोआन यांच्याविरुद्धचा उमेदवार म्हणून निवडत होता. काय तो योगायोग!

तेव्हापासून कँटीनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि आपल्यातल्या स्वयंघोषित परराष्ट्रतज्ज्ञांच्या तोंडून मी दोन वाक्यं सारखी ऐकतोय. पहिलं: "मुसलमान देश तो, तिथे लोकशाही रुजणारच नाही." दुसरं जरा चार पुस्तकं वाचलेल्यांचं: "मानवाधिकार बाहेरून शिकवता येत नाहीत, युरोपने उगाच नाक खुपसलं." दोन्ही वाक्यं अशी फेकली जातात की पुढे बोलायची सोयच नाही. माझ्या मते दोन्ही साफ चूक आहेत. का, ते सांगतो. लांबण लागेल थोडी, पण शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवातीचा इतिहास पळवतो. १९६३ साली अंकारा करार झाला, आज ना उद्या तुम्हाला आत घेऊ असं युरोपने तेव्हाच सुचवलं. १९८७ मध्ये तुर्कस्तानने रीतसर अर्ज केला, उत्तर मिळालं 'आत्ता नको'. १९९३ मध्ये युरोपियन युनियनने कोपनहेगनला निकष ठरवले: स्थिर लोकशाही, कायद्याचं राज्य, मानवाधिकार, अल्पसंख्याकांचं संरक्षण, चालणारी बाजारव्यवस्था. आणि डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकीला तुर्कस्तानला 'उमेदवार' हा दर्जा मिळाला. हे तुर्कस्तान म्हणजे १९८० च्या लष्करी बंडानंतर सेनाधिकाऱ्यांनी लिहून घेतलेल्या राज्यघटनेवर चालणारा देश. संसदेत शपथ घेताना कुर्दी भाषेत एक वाक्य बोलली म्हणून लैला झाना ही खासदार पुढे तुरुंगात गेली, असा देश.

आता पुढचं नीट वाचा, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते.

अब्दुल्ला ओजलान हा पीकेके या कुर्दी सशस्त्र संघटनेचा म्होरक्या. १९८४ पासून चाललेल्या त्या लढाईत तीस हजारांहून जास्त माणसं मेलेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तुर्की हेरांनी त्याला केनियातून उचलून आणला, जूनमध्ये फाशी सुनावली. गावोगावच्या शहीद सैनिकांच्या आया त्याच्या फाशीची वाट बघत होत्या. सरकार कुणाचं? बुलेंत एजेवित यांच्या आघाडीचं, आणि त्या आघाडीत कडवे राष्ट्रवादी एमएचपीवाले दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष. अशा वेळी युरोप सांगत होता, फाशी ठेवून आत येता येणार नाही. आणि ऑगस्ट २००२ मध्ये तुर्की संसदेने युद्धकाळ सोडून फाशीची शिक्षाच रद्द केली! एमएचपीने विरोधात मतं दिली, तरी ठराव पास झाला. त्याच पॅकेजमध्ये कुर्दी भाषेत प्रसारण आणि शिकवणी वर्ग यांनाही परवानगी. दोन महिन्यांत ओजलानच्या फाशीची जन्मठेप झाली.

कसाब ऑर्थर रोडला असताना आपल्या संसदेने फाशीच रद्द केली असती का? नुसती कल्पना करून बघा. टीव्हीवर काय झालं असतं, ते तर सोडूनच द्या.

लक्षात घ्या, हे एर्दोआन यांच्या पक्षाने केलेलं नाही. त्यांचा एकेपी पक्ष नोव्हेंबर २००२ मध्ये निवडून आला. पण आल्यावर त्यांनी तोच रस्ता धरला आणि वेग वाढवला. सेनाधिकाऱ्यांची सत्ता ज्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतून चालायची तिला २००३ मध्ये नुसतं सल्लागार करून टाकलं. २००४ मध्ये राज्य सुरक्षा न्यायालयं बंद केली. मानवाधिकारांचे आंतरराष्ट्रीय करार देशी कायद्याच्या वर, अशी घटनादुरुस्ती केली. जून २००४ मध्ये लैला झाना सुटली आणि त्याच आठवड्यात सरकारी टीव्हीवर पहिल्यांदा कुर्दी ऐकू आली. आठवड्यातून थोडा वेळच, पण ज्या भाषेच्या एका वाक्यासाठी बाईला तुरुंग मिळाला ती भाषा सरकारी वाहिनीवर!

आणि माझा आवडता किस्सा सप्टेंबर २००४ चा. नवीन फौजदारी कायदा संसदेत होता. एकेपीच्या मनात आलं, त्यात व्यभिचार हाही गुन्हा घालावा. ब्रसेल्सने डोळे वटारले, तुर्की स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि एर्दोआन यांनी ते कलम मुकाट्याने मागे घेतलं. जो कायदा पास झाला त्यात नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हा आहे. 'तिथे लोकशाही रुजत नाही' म्हणणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ आणि त्याचा दुसरा अपवाद काढून वाचावा. आपला कायदा २०२३ चा आहे, त्यांचा २००४ चा. असो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "पण ते मनापासून नव्हतंच! एर्दोआनना फक्त सैन्याचे हात बांधायचे होते, युरोप हे निमित्त." अहो, असेल ना! मी कुठे नाही म्हणतोय? टेस्ट पास झाल्याशिवाय रिलीज नाही असं क्लायंटने ठणकावलं की सगळे टेस्ट लिहितात. मनापासून लिहितात का? कुठल्या कंपनीत? पण टेस्ट लिहिल्या जातात आणि बग सापडतात. चांगला कायदा व्हायला सत्ताधाऱ्याचं मन शुद्ध असावं लागतं ही भाबडी कल्पना आहे. त्याला तो करण्यात फायदा दिसावा लागतो. आणि युरोपने बाहेरून काही 'लादलं' म्हणणंही चूक. स्त्री-संघटना, कुर्दी पक्ष, वकील, पत्रकार वर्षानुवर्षं तेच मागत होते. युरोपमुळे त्यांच्या मागणीला वजन आलं, बास.

मग घोडं पेंड कुठे खातं? तर, युरोपच्या दारात.

प्रवेशाची बोलणी म्हणजे पस्तीस प्रकरणांची यादी असते. प्रत्येक प्रकरण उघडायला सगळ्या सदस्य देशांची सही लागते आणि बंद करायला पुन्हा सगळ्यांची. म्हणजे पंचवीस-सत्तावीस क्लायंट आणि प्रत्येकाच्या हातात व्हेटो. त्यातला एखादा क्लायंट तुमचा जुना भाऊबंद असेल आणि बांधावरून भांडण चालू असेल तर?

नेमकं तेच झालं. सायप्रस बेट १९७४ पासून दुभंगलेलं आहे, उत्तर भागात तुर्की सैन्य ठाण मांडून आहे. एकत्रीकरणासाठी कोफी अन्नान यांनी योजना आणली. २४ एप्रिल २००४ ला दोन्हीकडे सार्वमत झालं. तुर्की सायप्रियटांपैकी ६५ टक्के 'हो' म्हणाले, ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्के 'नाही'. आणि आठच दिवसांत युनियनमध्ये प्रवेश कुणाला मिळाला? 'नाही' म्हणणाऱ्यांना! त्यांची तारीख आधीच ठरलेली होती. 'हो' म्हणणाऱ्यांना त्यांची कोंडी सोडवू असं आश्वासन मिळालं. थेट व्यापाराचा तो नियम कधी मंजूरच झाला नाही. मग तुर्कस्तानने सायप्रसच्या जहाजांना बंदरं उघडायला नकार दिला (करारानुसार उघडायला हवी होती, हेही खरं) आणि डिसेंबर २००६ मध्ये युनियनने आठ प्रकरणं गोठवली.

त्याआधी ३ ऑक्टोबर २००५ ला बोलणी सुरू झाली तीही कशी? ऑस्ट्रिया शेवटच्या रात्रीपर्यंत अडून बसला होता की पूर्ण सदस्यत्व नको, काहीतरी दुय्यम नातं ठेवा. बोलण्यांच्या चौकटीत लिहून ठेवलं की शेवट काय होईल याची हमी नाही. फ्रान्सने तर त्याच वर्षी घटनाच बदलली, यापुढच्या नव्या सदस्यांसाठी फ्रेंच जनतेचं सार्वमत घेणार म्हणून. सार्कोझी आणि मर्केल उघड म्हणत होते की तुर्कस्तानने आत यावं असं आम्हाला वाटत नाही. २००७ मध्ये सार्कोझींनी पाच प्रकरणं अडवली. क्रोएशियाची बोलणी तुर्कस्तानच्याच दिवशी सुरू झाली होती. तो २०१३ मध्ये आत गेला.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. पस्तिसांपैकी तेविसावं प्रकरण न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्कांचं. चोविसावं न्याय आणि स्वातंत्र्याचं. ही दोन उघडली असती तर न्यायाधीश कसे नेमता, पत्रकार आत का आहेत, याचा हिशोब युरोपला कलमवार मागता आला असता. ही दोन प्रकरणं कधी उघडलीच नाहीत. २००९ मध्ये सायप्रसने जी सहा अडवली त्यात ही दोन होती! आणि वर दरवर्षी ब्रसेल्सचा अहवाल की तुर्कस्तानात न्यायव्यवस्थेची स्थिती चिंताजनक. पेपर द्यायचाच नाही आणि नापास म्हणून बोंबलायचं. एकूण सोळा प्रकरणं उघडली, बंद झालं फक्त एक: विज्ञान आणि संशोधन.

एर्दोआनप्रेमींनी इथे टाळ्या वाजवू नयेत. दार बंद झालं म्हणून आपल्याच घरात आग लावायची सक्ती कुणी केली नव्हती. 'तुर्कीपणाचा अपमान' हा गुन्हा ठरवणारं कलम ३०१ त्यांच्याच कायद्यातलं. ऑर्हान पामुक यांच्यावरचा तसला खटला जगाने आरडाओरडा केल्यावर जानेवारी २००६ मध्ये बारगळला. पण ह्रांत दिंक या आर्मेनियन-तुर्की संपादकाला त्याच कलमाखाली शिक्षा झाली, देशद्रोही म्हणून त्याचा चेहरा घरोघरी पोचला आणि १९ जानेवारी २००७ ला त्याच्या कचेरीसमोर त्याला गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला लाखभर लोक होते, 'आम्ही सगळे आर्मेनियन' असे फलक घेऊन. कुठल्या तोंडाने म्हणायचं की तिथल्या लोकांना लोकशाही नको होती? पुढे २०१३ ला गेझी पार्कात लाठ्या आणि अश्रुधूर, जुलै २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर लाखाहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांची हकालपट्टी, २०१७ मध्ये ५१ टक्क्यांच्या जोरावर सगळी सत्ता एका खुर्चीत. २०२१ मध्ये तर स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या करारातून अंग काढून घेतलं. त्या कराराचं नाव काय? इस्तंबूल करार!

पण माझा राग युरोपवर जास्त आहे, कारण धडे तेच देत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे येत होते. तुर्कस्तानात निवडणूक दोन आठवड्यांवर. मर्केल इस्तंबूलला गेल्या आणि एर्दोआन यांच्या शेजारी सोन्याचा मुलामा दिलेल्या सिंहासनासारख्या खुर्चीत बसून फोटो काढून आल्या. तुर्कस्तानवर टीका करणारा त्या वर्षीचा अहवाल निवडणूक होईपर्यंत दाबून ठेवला. मार्च २०१६ मध्ये सौदा झाला: निर्वासित तिकडेच थांबवा, आधी तीन आणि मग आणखी तीन अब्ज युरो घ्या. मानवाधिकारांची भाषा बोलणारे आता पहारेकऱ्याच्या पगाराची बोलणी करत होते. आणि पगार देणाऱ्याची पहारेकऱ्याच्या घरात काय चाललंय हे विचारायची प्राज्ञा नसते, कारण पहारेकरी म्हणतो, दार उघडू का? जून २०१८ मध्ये युनियनने अधिकृतपणे सांगितलं की बोलणी ठप्प आहेत.

ओस्मान कवाला हा उद्योगपती आणि समाजकार्यकर्ता ऑक्टोबर २०१७ मध्ये पकडला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्याला सोडा म्हणून सांगितलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तुर्की कोर्टाने निर्दोष सोडलं आणि त्याच दिवशी पुन्हा अटक झाली. एप्रिल २०२२ मध्ये त्याला सक्त जन्मठेप दिली. हीच ती शिक्षा, जी फाशी रद्द करताना तिच्या जागी आणली होती. २००४ मध्ये स्ट्रासबर्गचा निकाल धुडकावला असता तर बोलणी सुरू होण्याची तारीख हातची गेली असती. २०२२ मध्ये हातचं जाण्यासारखं शिल्लकच काय होतं?

राहिला "मुसलमान देश म्हणून" हा मुद्दा. फ्रान्स-ऑस्ट्रियात मतं मागताना धर्म वापरला गेला, नाकारत नाही. पण मॅसिडोनियाकडे बघा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बहुसंख्येचा छोटा देश. ग्रीसचा आक्षेप म्हणून त्याने युरोपसाठी चक्क स्वतःचं नाव बदललं, फेब्रुवारी २०१९ पासून 'उत्तर मॅसिडोनिया'. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सने अडवलं. ते मिटलं तर नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने अडवलं, म्हणे तुमची भाषा आणि इतिहास आमचेच आहेत. २०२२ मध्ये बोलणी सुरू झाली ती नव्या अटीसकट: घटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घाला. मे २०२४ च्या निवडणुकीत ज्यांनी ही अट मानायला नकार दिला तेच जिंकले. नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीत देशाचं नाव घेतलं ते नुसतं 'मॅसिडोनिया', आणि ग्रीसच्या राजदूत तिथून उठून निघून गेल्या.