फोनवाला

आईला इंग्रजी येत नाही. म्हणजे 'थँक्यू', 'सॉरी' आणि बँकेत ऐकून पाठ झालेलं 'सर्व्हर डाउन' एवढं येतं. तरी २०२३च्या डिसेंबरात, ओटावाला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, उजवा पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर ताट आणि ताटात मेथीची जुडी अशा थाटात तिने नाताळावरचे तीसेक इंग्रजी सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट सांगताना ती चुकली नाही. पहिल्या दहा मिनिटांत भारी कोटातला, केस चापून बसवलेला एक तरुण कानाला फोन लावून नायिकेशी अर्धवट बोलायचा. आई मेथीची काडी त्याच्यावर रोखून म्हणायची, "हा फोनवाला. हा जाणार."

आणि तो जायचा.

पाय मोडला तो बर्फामुळे. पांढऱ्या बर्फाला आई पहिल्या दिवसापासून घाबरून होती, त्यामुळे त्याने तिला काही केलं नाही. घात केला तो रस्त्यावर काचेसारख्या बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाने. नाताळाच्या सिनेमांत नायिकाही घसरते, पण खाली पडायच्या आत चौकड्यांच्या शर्टातला एखादा सुतार तिला झेलतो. आईला झेलायला मी होते. मीही पडले.

मग सहा आठवडे घरात. बहीण आणि तिचा नवरा सकाळी कामावर, भाची शाळेत, बाहेर दुपारी चारलाच दिवेलागण. मराठी मालिका लावायचा प्रयत्न आम्ही केला, पण इथल्या वेळेचं आणि तिथल्या भागांचं गणित जुळेना. एकदा रिमोट चाळताना हे सिनेमे लागले आणि आई म्हणाली, "राहू दे हेच. घर छान आहे त्यांचं."

हे सिनेमे थेटरासाठी नसतातच. टीव्हीसाठीच ते बनतात, आणि त्यांचं माहेर म्हणजे अमेरिकेतलं हॉलमार्क चॅनेल. शुभेच्छापत्रांवालं हॉलमार्क तेच. जॉइस हॉल (पुरुष बरं का, नावावर जाऊ नका) अठराव्या वर्षी चपलांच्या खोक्यांत पोस्टकार्डं घेऊन कॅन्सस सिटीत आला, १९१० साली, आणि हा धंदा उभा राहिला. याच कंपनीच्या पैशावर १९५१च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकन टीव्हीवर एक ऑपेरा झाला होता, जान कार्लो मेनोत्तीने टीव्हीसाठीच रचलेला. कुठे तो ऑपेरा आणि कुठे हे, असं म्हणायचा मोह होतो. पण कार्ड विकणाऱ्याला माणसाची नस बरोबर सापडलेली असते. दुसऱ्याच्या मनातलं चार ओळींत, आधीच छापून ठेवायचं आणि तरी घेणाऱ्याला ते आपलंच वाटायला हवं, ही कला सोपी नाही.

चॅनेल हॉलमार्कच्या नावाने २००१मध्ये सुरू झालं, आणि नाताळाच्या सिनेमांची रीतसर मोहीम २००९पासून. हल्ली ऑक्टोबर संपायच्या आतच ती सुरू होते. काही वर्षी तर आपले आकाशकंदील अजून माळ्यावरून खाली उतरलेले नसतात आणि तिथे झाडाला दिवे लागतात. दरवर्षी डझनांनी नवे सिनेमे. एकेकाचं चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मध्ये जाहिराती येणार म्हणून पटकथेचे नऊ तुकडे करतात, आणि दर तुकड्याच्या शेवटी एवढीशी काळजी ठेवतात: केक करपला, फोन वाजला, मोठं वादळ येतंय. वादळ आलं तरी वीज मात्र जात नाही.

कथा तुम्हाला ठाऊक आहे, एकही पाहिला नसला तरी. शहरातली मुलगी, मोठ्या हुद्द्याची, फोनवाल्याशी लग्न ठरलेली. कंपनी तिला एका छोट्या गावात पाठवते, बहुधा तिथलं जुनं हॉटेल विकत घ्यायला. गावात विधुर सुतार, त्याची चुणचुणीत मुलगी, एक सर्वज्ञ आजी. झाड सजवणं, बिस्किटं भाजणं, ओठांपर्यंत आलेलं चुंबन ओव्हनच्या घंटेने मोडणं, गैरसमज, बर्फ, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला एक आवरतं घेतलेलं चुंबन. आई खूश होती. "तास झाला, अजून हातसुद्धा धरला नाही. चांगल्या घरची दिसतात."

तिला आणखी एक गोष्ट भावली, आणि ती माझ्या लक्षातच आली नव्हती. "इथे कुणी कुणाच्या दुधात काही मिसळत नाही," ती म्हणाली. रात्री साडेसातच्या मराठी मालिकांत कारस्थानं बघून बघून तिला बहुतेक असं वाटायला लागलं होतं की घर म्हटलं की एक जण पडद्याआड उभा राहून ऐकणारच. इथे खलनायक नाही. हॉटेल पाडायला निघालेला मालकसुद्धा एका नाताळगीतानंतर विरघळतो. फोनवालाही वाईट नसतो, नुसता घाईत असतो.

घाई हाच या सिनेमांतला एकमेव दुर्गुण आहे, असं मला तीसेक सिनेमांनंतर वाटायला लागलं. प्रेम वगैरे ठीक आहे. खरं स्वप्न आहे ते सवडीचं. त्या गावात मंगळवारी सकाळी अकरा वाजता अख्खं गाव चौकात बिस्किटांची स्पर्धा भरवून उभं असतं. बेकरीवाली गप्पा मारत बसते, सुतार हातातलं काम टाकून परक्या बाईला गाव दाखवतो. भांडी कोण घासतं ते कधी दिसत नाही. आणि बघणाऱ्याकडूनही सिनेमा फारसं काही मागत नाही. भेटी कागदात बांधता बांधता, पीठ मळता मळता बघावा असाच तो केलेला असतो. पाच मिनिटं उठून गेलात तरी काही चुकत नाही. आईची त्या डिसेंबरात किती मेथी निवडून झाली याचा हिशेब नाही. शेवटी भाचीने थेपल्यांवर बहिष्कार घातला.

पण हात चालू असले तरी आईची नजर कुठे असायची ते कळायला मला वेळ लागला. एकदा नायिका कागदी पेल्यातून हॉट चॉकलेट पीत, पेला झुलवत बर्फातून चालली होती. "रिकामा आहे," आई म्हणाली. "भरलेला पेला असा धरत नाहीत." मी मागे नेऊन पाहिलं. खरंच रिकामा. तेव्हापासून भरलेला पेला शोधायचा खेळ आम्ही खेळतो. अजून सापडलेला नाही.

मला राग यायचा तो शेवटच्या टप्प्याचा. एवढी शिकलेली, भागीदारीच्या उंबरठ्यावर आलेली बाई, आणि चार दिवसांच्या ओळखीवर नोकरी सोडून गावात बेकरी चालवायला बसते! मी तिथे चिडून बोलायला लागायचे. त्या बेकरीचं भाडं किती, कर्ज कोण फेडणार, जानेवारीत त्या गावात गिऱ्हाईक कुठलं. एका संध्याकाळी माझं हे व्याख्यान चालू असताना आई म्हणाली, "ती आपल्या मनाने सोडतेय ना? मग सोडू दे." थोडं थांबून, मेथीकडे बघत, "मला कुठे कुणी विचारलं होतं." आई लग्नाआधी शाळेत शिकवत होती, एवढंच मला माहीत होतं. नोकरी सोडली म्हणजे सोडली, असं मी धरून चालले होते. जाहिरात आली, संपली, आणि ती पुन्हा सिनेमात रमली.

आणखी एका गोष्टीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. या गोड गोड सिनेमांत जवळजवळ प्रत्येक घरात एक माणूस गेलेलं असतं. सुताराची बायको, नायिकेची आई, आजोबा. झाडाच्या टोकाला लावायचा तारा त्यांचा, बिस्किटांची कृती त्यांच्या अक्षरातली, आणि 'ती गेल्यापासून आम्ही झाड आणलंच नाही' असं कुणीतरी विसाव्या मिनिटाला म्हणतंच. लग्न जुळतं ते त्यानंतर. आधी त्या घरात पुन्हा झाड येतं. बाबा जाऊन तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी सण नव्हताच. दुसऱ्या दिवाळीला करायला हरकत नव्हती, तरी आईने कंदील लावला नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. एका सिनेमात म्हातारा बाप माळ्यावरून खोकं खाली आणतो आणि न उघडताच बसून राहतो. त्याला संवाद नव्हता, तेव्हा भाषेचाही प्रश्न नव्हता. आईने मेथी बाजूला ठेवली. मी चहा टाकायला उठले.

२०१७मध्ये नेटफ्लिक्सवर याच जातीचा 'अ ख्रिसमस प्रिन्स' आला. आल्डोव्हिया नावाच्या, नकाशावर नसलेल्या राज्याचा राजपुत्र आणि अमेरिकन पत्रकार मुलगी. त्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने जाहीर ट्विट करून टोमणा मारला होता, की त्रेपन्न माणसांनी हा सिनेमा सलग अठरा दिवस रोज पाहिलाय; तुम्हाला दुखावलं तरी कुणी? लोक हसले, काही जण गिऱ्हाइकांवर पाळत ठेवता म्हणून भडकले. मला आता त्या त्रेपन्नांचं फार नवल वाटत नाही. सत्यनारायणाच्या कथेतली नौका बुडणार हे माहीत असताना आपण तरी दर वेळी प्रसाद घ्यायला जातोच की.

या सिनेमांतल्या गावाला एक मोठी खोट होती, तीही सांगायला हवी. तिथे सवड होती, पण सगळ्यांना नव्हती. वर्षानुवर्षं त्या चौकात नायक-नायिका बहुतेक गोरेच, आणि जोडपं बाई-पुरुषाचंच. २०१९मध्ये दोन नवऱ्यामुलींची एक जाहिरात हॉलमार्क चॅनेलने आधी बंद केली आणि आरडाओरड झाल्यावर माफी मागून पुन्हा दाखवायचं कबूल केलं. पुढच्या वर्षी 'द ख्रिसमस हाउस'मध्ये दोन पुरुषांचं जोडपं मुख्य पात्रांत आलं. आता चेहरे बदलताहेत, सावकाश. आम्ही तिथे होतो त्याच महिन्यात नेटफ्लिक्सवर 'ख्रिसमस अ‍ॅज युज्वल' हा नॉर्वेचा सिनेमा आला. त्यात मुलगी भारतीय मुलाला घेऊन माहेरी जाते, आणि तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमची आई सबंध वेळ त्या नॉर्वेच्या आईच्या बाजूने. "कळवायचं तरी आधी," एवढंच तिचं म्हणणं.

मी जानेवारीत परतले. आईचा व्हिसा लांब मुदतीचा होता, ती तिथेच राहिली. जुलैत तिला आणायला गेले तेव्हा बहीण म्हणाली, "आईला एक गाव दाखवायचंय." ओटावापासून तासाभराच्या आत अल्मोंट आहे. एके काळी लोकरीच्या गिरण्यांचं गाव, दगडी इमारती, नदीवर धबधबा. बास्केटबॉल शोधून काढणारा जेम्स नेस्मिथ इथलाच. आणि नाताळाच्या सिनेमांचं चित्रीकरण या गावात इतक्यांदा झालंय की दुकानदारांना आता त्याचं कौतुक उरलेलं नाही. कथा अमेरिकेतल्या व्हरमाँटची असते, पण करसवलत आणि स्वस्त डॉलर कॅनडात, म्हणून व्हरमाँट इथे उभं करतात.

आम्ही गेलो त्या दिवशी ते उभं केलेलं होतं. तीस अंशांवर ऊन. मुख्य रस्त्याच्या एका टोकाला दिव्यांच्या खांबांना हिरवी तोरणं, एका दगडी इमारतीवर अमेरिकेचा झेंडा आणि पायऱ्यांवर बर्फ. अर्ध्या चड्डीतली पोरं हातात फेसाच्या नळ्या घेऊन फिरत होती. लोकरी कोट आणि मफलरमध्ये गुंडाळलेली एक मुलगी दोन दृश्यांच्या मध्ये गळ्याशी छोटा पंखा धरून उभी होती. आई काठी टेकत दोरीपर्यंत गेली, वाकली आणि कडेच्या बर्फाला हळूच बोट लावलं. बहुधा तिचा पायच आधी घाबरला असावा.

"अगं, कापूस आहे हा." तिचा चेहरा खुलला. "गणपतीत आपण हिमालय करायचो तसला. तुझे बाबा त्यावर बोरिक पावडर भुरभुरवायचे."

चित्रीकरण थांबलं. जेवणाची सुट्टी. सगळे तंबूकडे पांगले. मी आईला सावलीकडे वळवत होते, तर ती जागची हलेना. आधीच्या हिवाळ्यात तिने मला दोनतीनदा विचारलं होतं, की तो फोनवाला मुलगा, त्याचं लग्न मोडलं, ती इकडे मजेत, मग सणाच्या दिवशी तो जेवला कुठे? मी म्हटलं होतं, सिनेमात ते दाखवत नाहीत. तिला ते उत्तर पटलं नव्हतं.

आता एका झाडाखाली घडीच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता. भारी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, केस चापून बसवलेले, फोन मांडीवर पालथा. मांडीवरच्या कागदी ताटलीतलं तो चवीने खात होता. तो कोण, कुठल्या भूमिकेतला, मला काय ठाऊक.

आईने कोपराने मला ढोसलं. "बघ, जेवतोय."